डिग्रीला मार्क कमी आहेत आणि एमबीए करायचंय? मग आधी हे बघा

मार्क कमी आहेत म्हणजे नक्की किती कमी, ते आधी कागदावर लिहून काढा. ४८ टक्केवाला, ५६ टक्केवाला आणि ६५ टक्केवाला तिघंही "आपले ॲकॅड्स खराब आहेत" असंच म्हणत फिरतात, पण तिघांचे प्रॉब्लेम पार वेगळे आहेत. ५० च्या खाली असाल तर प्रश्न पात्रतेचा आहे. ५० ते ६० मध्ये असाल तर कुठे फॉर्म भरायचा आणि कुठे पैसे वाया घालवायचे नाहीत एवढाच प्रश्न आहे, आणि ६० च्या वर असाल तर खरं सांगायचं तर निम्मी नुसती भीती असते आणि उरलेलं गणित असतं जे बसून सोडवता येतं.

पात्रतेचं आधी उरकून टाकू. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, ओपन, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी सगळ्यांना डिग्रीला किमान ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. आपल्या महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीला पण ५० च आहे पण तिथं राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५ चालतात आणि त्यात ओबीसी पण येतात. म्हणजे ४७ टक्के असलेला ओबीसी पोरगा कॅटला बसू शकत नाही पण सीईटीतून त्याला ॲडमिशन मिळू शकते. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि कॅटचा नियम वाचून ते घरी बसतात. झॅट, म्हणजे एक्सएलआरआय जमशेदपूरवाली परीक्षा, तिला बसायला तीन वर्षांची मान्यताप्राप्त डिग्री पुरते, टक्क्यांची अट नाही, पण झॅटचा स्कोअर घेणारी बाकीची कॉलेजं आपापली अट लावतात त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या कॉलेजचं पान नीट वाचा. याच्या उलट आयआयटींच्या एमबीएला, अगदी पवईच्या शैलेश मेहता स्कूलला सुद्धा, ओपन आणि ओबीसीला ६० टक्के मागतात, त्यामुळे त्यातल्या ५८ वाल्यांनी तिकडे जीव जाळू नये.

आता सीजीपीए टक्क्यात कसा बदलायचा. इथं लोक सर्रास ९.५ ने गुणतात. भाऊ, तो आकडा सीबीएसईच्या दहावीचा होता, तुमच्या विद्यापीठाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा फॉर्म्युला असतो, बऱ्याचदा मार्कशीटच्या मागेच छापलेला असतो, नसला तर परीक्षा विभागातून कन्व्हर्जनचं पत्र घ्या आणि ते जपून ठेवा कारण ॲडमिशनच्या वेळी मागतात. आणि ४९.७ चे ५० स्वतःच्या हाताने करू नका. फॉर्म भरताना कुणी अडवत नाही, कागदपत्रं तपासताना अडवतात, आणि तेव्हा सीट पण जाते आणि वर्ष पण.

५० च्या खाली अडकलात तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे विद्यापीठात क्लास इम्प्रूव्हमेंटची, म्हणजे परत परीक्षा देऊन टक्के वाढवायची, सोय आहे का ते विचारायचं, काही ठिकाणी असते, तिची मुदत असते, म्हणून आजच विचारा. दुसरा रस्ता कॉमर्सवाल्यांसाठी, सीए, सीएस किंवा सीएमए लागणाऱ्या टक्क्यांनी पूर्ण झालेलं असेल तर कॅटला ते चालतं. एमकॉम किंवा एमएस्सीला चांगले मार्क पाडून हा खड्डा भरेल असं धरून चालू नका, अट बॅचलर डिग्रीची असते.

चला, आता मुख्य गोष्ट. एमबीएच्या बाजारात डिग्रीचे मार्क सगळीकडे सारखे मोजत नाहीत. काही ठिकाणी ते अजिबात मोजत नाहीत, काही ठिकाणी थोडे, आणि काही ठिकाणी इतके मोजतात की ९९ पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे) काढूनही इंटरव्ह्यूचा कॉल येत नाही. तुमची अर्धी तयारी म्हणजे कोण कुठल्या गटात आहे हे शोधणं. पोरं काय करतात, पहिल्या दिवसापासून क्वांटचे (गणिताचे) व्हिडिओ बघायला लागतात आणि फॉर्म कुठे भरायचे ते शेवटच्या तारखेला मित्राला विचारतात.

महाराष्ट्रातल्या पोरांसाठी पहिल्या गटातलं सगळ्यात मोठं नाव सीईटी. सीईटी सेलच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमध्ये, मेरिट लागतं ते परीक्षेच्या पर्सेंटाइलवर, डिग्रीला ५१ असोत की ८१, पात्र झालात की दोघं एका रांगेत. इंटरव्ह्यू नाही, जीडी (ग्रुप डिस्कशन) नाही, "मार्क का कमी" विचारायला समोर कुणी बसलेलं नाही. आणि या रांगेच्या टोकाला चर्चगेटचं जमनालाल बजाज आहे, शेजारी सिडनहॅमचं सिमश्री आहे, पुण्यात विद्यापीठाचं पुम्बा आहे, आणि फी बघितली तर नव्या आयआयएमच्या फीच्या मानाने फारच कमी. कमी मार्कवाल्या पोराला याहून सरळ रस्ता माझ्या माहितीत तरी नाही. अर्थात सगळ्यांना हे कळतं म्हणूनच लाखभर पोरं बसतात आणि बजाजला ओपनमधून जायचं तर ९९.९ च्याही वर लागतं, हे पण लक्षात ठेवा.

सीईटीचा पेपर म्हणजे १५० मिनिटांत २०० प्रश्न. लॉजिकल रिझनिंग ७५, ॲब्स्ट्रॅक्ट रिझनिंग २५, क्वांट ५०, व्हर्बल म्हणजे इंग्रजी ५०. निगेटिव्ह मार्किंग नाही. हिशोब केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात, त्यामुळे इथे अवघड गणित सोडवता येण्यापेक्षा सोपं गणित न अडखळता पटपट सोडवता येणं जास्त कामाला येतं. कॅटची तयारी केली म्हणजे सीईटी आपोआप होते असं म्हणणारे दर वर्षी भेटतात आणि त्यातले बरेच ९७ ला अडकतात, कारण कॅटने त्यांना एका सेटवर १० मिनिटं बसायची सवय लावलेली असते. कॅट झाल्यावर निदान दोन महिने फक्त स्पीडला द्या, रोज पूर्ण लांबीचा मॉक (सराव पेपर) नसला तरी ४० मिनिटांचा तुकडा घड्याळ लावून सोडवा, नंतर चुकलेले प्रश्न सोडून जे बरोबर आले पण वेळ खाल्ला ते बघा. ॲब्स्ट्रॅक्टचे, म्हणजे आकृत्यांचे, २५ प्रश्न बरेच जण ऑप्शनला टाकतात, टाकू नका, तिथे ठरावीक दहा-बारा प्रकार फिरून फिरून येतात आणि सरावाने ते मार्क हातचे होतात. आणि शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, निगेटिव्ह नाही तर कोरा सोडून कुणावर उपकार करताय.

कॅपमध्ये पोरांची सीट बहुतेक वेळा जाते ती कागदांमुळे. डोमिसाइल, राखीव गटात असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र. जात वैधतेला महिने लागतात. निकाल लागल्यावर सरकारी ऑफिसांत धावपळ करण्यापेक्षा परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात वैधतेचं उरकून घ्या.

दुसऱ्या गटात परीक्षा आणि इंटरव्ह्यूला जास्त वजन देणारी कॉलेजं. एक्सएलआरआय यासाठी प्रसिद्धच आहे, कॉल मुख्यतः झॅटच्या स्कोअरवर आणि सेक्शनल कटऑफवर, म्हणजे प्रत्येक विभागातल्या किमान स्कोअरवर, येतो. मुंबईच्या एनएमआयएमएसला एनमॅट नावाची परीक्षा चालते, ती एका सीझनमध्ये तीनदा देता येते आणि तिच्यातही निगेटिव्ह नाही. सिंबायोसिसची स्नॅप परीक्षा पण एकापेक्षा जास्त वेळा देता येते आणि त्यांच्या एसआयबीएम, एससीएमएचआरडी या कॉलेजांची ॲडमिशन तिच्यातून. ज्याचा एक खराब दिवस सगळं बिघडवू शकतो त्याला या परीक्षा सोयीच्या. फी मात्र आधी बघा, कारण इथले आकडे ऐकून बाबांना खुर्चीत बसावं लागतं.

तिसरा गट म्हणजे आयआयएम आणि त्यांच्या धर्तीवर चालणारी कॉलेजं. यांचा हिशोब समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त अफवा आहेत. प्रत्येक आयआयएम दर वर्षी आपलं ॲडमिशन धोरण स्वतःच्या साइटवर टाकतं. त्यात कॅटला किती वजन, दहावीला किती, बारावीला किती, डिग्रीला किती, कामाच्या अनुभवाला किती, मुलगी असेल किंवा नॉन इंजिनिअर असेल तर किती, सगळं लिहिलेलं असतं. ती पीडीएफ कोचिंग क्लासवाल्याने वाचलेली असते आणि तुम्ही वाचलेली नसते, एवढाच काय तो फरक. ती उघडा आणि एका एक्सेलमध्ये स्वतःचा स्कोअर मांडा. समजा एखाद्या ठिकाणी डिग्रीला १०० पैकी १० गुण आहेत, तुम्हाला त्यातले ४ मिळतात आणि समोरच्याला ८, म्हणजे तुम्ही ४ गुणांनी मागे. आता हे ४ गुण कॅटमधून काढायला किती जास्त स्कोअर लागेल, अनुभवातून किती निघतील, हे मांडता येतं. काही ठिकाणी उत्तर "शक्य आहे" येईल आणि काही ठिकाणी "१०० पर्सेंटाइल आलं तरी जमणार नाही" येईल. दुसरं उत्तर आलं ती कॉलेजं यादीतून काढून टाका, फॉर्ममध्ये टिकमार्क करायला पैसे लागत नसले तरी उगीच आशा लागते. अहमदाबादसारख्या ठिकाणी मार्कांचे स्लॅब असतात, म्हणजे ५९.८ आणि ६०.१ मध्ये सगळा फरक पडू शकतो आणि ६१ आणि ६४ मध्ये काहीच पडत नाही. शेवटचं सेमिस्टर बाकी असेल तर स्लॅब बघून अभ्यास करा, तीन टक्के वाढवून काही होत नाही असं वाटत असेल पण होतं.

इथे एक गोष्ट पोरं विसरतात, आयआयएम दहावी-बारावी पण मोजतात. सीनिअर लोक प्रोफाइल सांगताना ९/९/६ असं सांगतात, म्हणजे दहावी नव्वदच्या घरात, बारावी नव्वदच्या घरात, डिग्री साठच्या. असं प्रोफाइल असेल तर रडायचं कारण नाही, दोन भक्कम आहेत. ६/६/६ असेल तर मात्र जुन्या आयआयएमच्या मागे न लागता सीईटी, झॅट आणि नव्या आयआयएम यांच्यावर जोर लावलेला बरा. आणि तुम्ही ओपनमधले इंजिनिअर मुलगे असाल तर आणखी दोन पायऱ्या वरचं पर्सेंटाइल लागणार, ते कुणाला आवडो न आवडो.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते. तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं, बरोबर उत्तराला ३, चुकीच्या ऑप्शनला उणे १, टाइप करायच्या उत्तरांना निगेटिव्ह नाही. तयारीबद्दल मी वेगळं काही सांगत नाही, त्याचे व्हिडिओ पोत्याने पडलेत. फक्त कमी मार्कवाल्याने एक वेगळं करावं, सेक्शनल बॅलन्सकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यावं. ओव्हरऑल ९९ आणि व्हर्बलला ७८ असं झालं तर सेक्शनल कटऑफमध्येच बाहेर, आणि तुमच्याकडे त्या वर्षी दुसरी कुठली बाजू उरत नाही.

आता मार्क तर बदलता येत नाहीत, मग बदलता काय येतं. ताजा पुरावा. डिग्रीचे मार्क बघणाऱ्याच्या मनात शंका एकच असते, की या पोराला अभ्यास झेपेल का. त्या शंकेला तुम्ही कालपरवा केलेल्या कशाने तरी उत्तर द्यायचं असतं. स्वस्तातला आणि बरा मार्ग म्हणजे एनपीटीईएल, आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स. कोर्स फुकट, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची तर १००० रुपये, सेंटरवर जाऊन द्यावी लागते, असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात. स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स यातला एखादा घ्या आणि तो नीट ८० च्या वर काढा. घरबसल्या व्हिडिओ फास्ट फॉरवर्ड करून मिळवलेली चौदा सर्टिफिकेटं सीव्हीवर लावू नका, पॅनेलवाले ती वाचत पण नाहीत. फायनान्समध्ये जायचं असेल तर सीएफए लेव्हल १ पास होणं याहून वजनदार, पण ते महाग आहे आणि झेपत असेल तरच.

दुसरा पुरावा नोकरी. दोन-अडीच वर्षांचा धड अनुभव असेल तर इंटरव्ह्यूतले निम्मे प्रश्न तिकडे वळतात. धड म्हणजे पगारी आणि फुलटाइम, डिग्रीतल्या इंटर्नशिपचे महिने बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. कंपनी मोठी नसली तरी चालेल, पण तुम्ही काय केलं ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. चाकणच्या एखाद्या व्हेंडरकडे क्वालिटीत असाल तर रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, सांगलीत घरचं दुकान चालवत असाल तर उधारी वसूल व्हायला किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात. असं बोलणाऱ्या माणसाला सेम तीनचं काय झालं हे विचारायची इच्छाच कमी होते.

कमी होते म्हटलं, जात नाही. इंटरव्ह्यूत विचारणारच, त्याची तयारी स्वतंत्र करा. सगळ्या सेमिस्टरचा तक्ता बनवा, एसजीपीए, केटी कुठल्या विषयात, कितव्या अटेम्प्टला सुटली. पॅनेलसमोर तुमच्या मार्कशीट असतात आणि ते बोट ठेवून विचारतात. "मॅथ्स-थ्रीला केटी होती? बरं, लाप्लास ट्रान्सफॉर्म कशाला वापरतात सांगा." इथे "सर आता आठवत नाही" म्हणालात की संपलं, कारण मार्क कमी असणं एक वेळ चालतं पण विषय अजूनही येत नाही हे चालत नाही. म्हणून ज्या ज्या विषयात गटांगळी खाल्ली त्याचा गाभा तेवढा तरी परत वाचा, आणि त्याशिवाय दोन आवडते विषय अगदी मुळापासून तयार ठेवा. मेकॅनिकलवाल्याला ऑटो आणि डिझेल सायकलमधला फरक चित्र काढून सांगता यावा, बीकॉमवाल्याला घसारा काढायच्या दोन पद्धती आणि त्याने नफा कसा बदलतो ते, कॉम्प्युटरवाल्याला नॉर्मलायझेशन एखाद्या किराणा दुकानाच्या बिलावर करून दाखवता यावं.

आणि "मार्क का कमी?" याचं उत्तर तीन वाक्यांत. काय झालं, काय बदललं, पुरावा काय. उदाहरणार्थ, "पहिली दोन वर्षं मी कॉलेजच्या ऑफरोड गाडी बनवणाऱ्या बाहा टीममध्ये जवळपास पूर्ण वेळ होतो आणि अभ्यास मागे पडला, दोन विषय राहिले. तिसऱ्या वर्षी मी टीममधलं काम कमी केलं आणि त्यानंतर एकही केटी लागली नाही, शेवटच्या दोन सेमला साडेसातच्या वर आहे. यंदा स्टॅटिस्टिक्सचा एनपीटीईएल कोर्स ८२ ला केला." आणि गप्प बसायचं. चौथं वाक्य बोललात की तिथून पुढचा प्रश्न निघतो. हे इंग्रजीत बोलायचं असतं त्यामुळे मोठ्याने बोलून सराव करा, मनातल्या मनात केलेली तयारी खोलीत गेल्यावर अर्धी विसरते. घरी आजारपण किंवा पैशाची अडचण खरीच असेल तर एका वाक्यात सरळ सांगा, रंगवू नका. नसेल तर बनवू तर अजिबात नका, खोदून विचारतात. विद्यापीठ पेपर कडक तपासतं, शिक्षक चांगले नव्हते, ही उत्तरं फुकट जातात कारण त्याच विद्यापीठाचा ८ पॉइंटरवाला बाहेर रांगेत बसलेला असतो. आणि "मार्क म्हणजे सर्वस्व नसतं" हे तत्त्वज्ञान प्रोफेसर लोकांना सांगू नका, त्यांचं आयुष्य मार्क देण्यात गेलेलं आहे.

परदेशी जायचा विचार असेल तर थोडक्यात. तिकडे कटऑफ नसतो, पूर्ण अर्ज बघतात, त्यामुळे कमी मार्कांना थोडी जास्त जागा असते आणि खर्च मात्र प्रचंड. जीमॅटचा आताचा पेपर सव्वादोन तासांचा, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स, स्कोअर २०५ ते ८०५, पाच वर्षं चालतो. डिग्री कच्ची असेल तर क्वांटचा आकडा खणखणीत हवा. बहुतेक अर्जांत एक ऐच्छिक निबंध असतो, तो अशाच गोष्टींसाठी असतो, तिथे मार्कांचं वरच्यासारखंच तीन-चार ओळीत लिहा आणि मुख्य निबंधात त्याचं नाव काढू नका. आपले टक्के ४ च्या स्केलवर स्वतः बदलू नका, बरीच स्कूलं स्पष्ट सांगतात की तुमच्या विद्यापीठात जसे आहेत तसेच लिहा. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा कोअर नावाचा कोर्स आहे, ॲनॅलिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि फायनान्शिअल अकाउंटिंग, तो बरेच जण याच कारणासाठी करतात, पण महाग आहे, स्कॉलरशिप मिळते का बघा. भारतातच आयएसबी किंवा आयआयएमचे एक वर्षाचे कोर्स हवे असतील तर त्यांना कामाचा अनुभव लागतो, जितकी वर्षं जास्त तितकं डिग्रीचं पान मागे जातं.

शेवटच्या वर्षाला असाल आणि अजून एखादी केटी जिवंत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती काढा. ९९ पर्सेंटाइल, कॉल, ऑफर सगळं हातात आणि पासिंगचं मार्कशीट वेळेत नाही म्हणून ॲडमिशन रद्द, असं होतं. रिव्हॅल्युएशनचे निकाल लांबतात, ते धरून तारखा मोजा, आणि ऑफर आली की कॉलेजला मेल करून प्रोव्हिजनल ॲडमिशन किती तारखेपर्यंत चालेल हे लेखी घ्या.